ए लेव्हलला कॉम्प्युटर सायन्स घ्यावे का, आणि घेतल्यास त्याचा अभ्यास कसा करावा

आपण लिहिता की आपली मुलगी रेडिंगमधील शाळेत इयर ११ मध्ये आहे, जीसीएसईला (सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा) गणित आणि कॉम्प्युटर सायन्स या दोन्ही विषयांत तिला ८ ग्रेड (सर्वोच्च ९) अपेक्षित आहे, आणि सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्ममध्ये (शाळेची शेवटची दोन वर्षे, इयर १२ आणि १३) कोणते विषय घ्यायचे हे आपल्याला ठरवायचे आहे. विद्यापीठे कॉम्प्युटर सायन्सची ए लेव्हल (त्या दोन वर्षांच्या अखेरची परीक्षा) मागतच नाहीत असे आपल्या कानावर आले आहे, म्हणून तिने त्याऐवजी फिजिक्स घ्यावे का, हा आपला पहिला प्रश्न. विषय घेतला तर त्याचा अभ्यास कसा करावा आणि पुण्याहून ऑनलाइन क्लास लावावा का, हा दुसरा. इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्ममध्ये मी बरीच वर्षे हा विषय शिकवत आले आहे आणि दरवर्षी विद्यार्थ्यांचे प्रोजेक्टही तपासते, त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

थोडक्यात सांगायचे तर, ती गणित घेणार असेल आणि प्रोग्रामने काय केले याबरोबरच त्याने ते का केले हे शोधण्यात तिला रस असेल, तर तिने हा विषय जरूर घ्यावा. गणिताशिवाय मात्र तो घेऊ नये. शाळा तशी परवानगी देत असल्या, तरी गणित न घेता आलेली मुले इयर १२ च्या दुसऱ्या सत्रात अडखळतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आपण महाराष्ट्रात बारावीला बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स घेतले होते, असे आपण लिहिले आहे. तो २०० गुणांचा विषय होता. त्यात सी प्लस प्लस, एचटीएमएल, ८०८५ मायक्रोप्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेटवर्क असे घटक होते, दोन लेखी पेपर होते आणि प्रात्यक्षिकाला चांगले गुण मिळत. तो अनुभव आपल्याला येथे उपयोगी पडेल, कारण ८०८५ चे रजिस्टर (प्रोसेसरमधील चिमुकले साठे) ज्याने समजून घेतले आहेत त्याला येथील प्रोसेसरचा धडा अर्धा आधीच येत असतो. परंतु परीक्षेची रीत वेगळी आहे. पाठ केलेली व्याख्या किंवा पाठ केलेला प्रोग्राम येथे थोडे गुण मिळवून देतो. उरलेले सर्व गुण विद्यार्थ्याने कधीही न पाहिलेल्या परिस्थितीत ते ज्ञान लावून दाखवण्याला असतात.

येथे वाढलेल्या आपल्या नातेवाइकांपैकी कोणी दहा-पंधरा वर्षांपूर्वी आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) नावाचा विषय शिकले असेल, तर त्यांचा सल्ला या विषयाला लागू पडत नाही. रॉयल सोसायटीने २०१२ मध्ये इंग्लंडमधील शाळांतील संगणक-शिक्षणावर कठोर अहवाल दिला. शाळांमध्ये वर्ड आणि स्प्रेडशीट चालवणे शिकवले जाते, संगणकशास्त्र शिकवले जात नाही, असा त्याचा रोख होता. त्यानंतर सप्टेंबर २०१४ पासून कम्प्युटिंगचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, सप्टेंबर २०१५ पासून कॉम्प्युटर सायन्सची सुधारित ए लेव्हल सुरू झाली, आणि आयसीटीची ए लेव्हल बंद झाली. आजचा विषय हा त्या सुधारणेतून घडलेला आहे आणि तो पुष्कळच गणिती वळणाचा आहे.

आता विद्यापीठांबद्दल. आपण ऐकले ते खरे आहे. केंब्रिज, ऑक्सफर्ड आणि इंपीरियल यांच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीसाठी गणिताची ए लेव्हल अनिवार्य आहे, कॉम्प्युटर सायन्सची नाही. केंब्रिज आणि इंपीरियल प्रवेशासाठी टीएमयूए नावाची परीक्षा घेतात आणि ती सर्वस्वी गणिताची असते. शाळेत फर्दर मॅथ्स (गणिताची पुढची, वेगळी ए लेव्हल) उपलब्ध असेल तर या विद्यापीठांना ते घेतलेले आवडते. याचे कारण सरळ आहे: देशातील सर्वच शाळांमध्ये कॉम्प्युटर सायन्स शिकवणारे शिक्षक नाहीत, आणि शाळेने न दिलेल्या विषयावाचून कोणाचा प्रवेश अडवणे अन्यायाचे होईल. म्हणून पदवीचे पहिले वर्ष प्रोग्रामिंग न येणाऱ्यांनाही सामावून घेईल असे आखलेले असते. अनिवार्य नाही म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. हा विषय केलेल्या मुलीला पहिल्या वर्षी रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणे), ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची रचना) आणि बूलियन बीजगणित (खरे-खोटे यांचे गणित) नव्याने भेटत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला हा विषय तीन-चार वर्षे मनापासून करायचा आहे की नाही, हे तिला सतराव्या वर्षी स्वतःच्या अनुभवावरून ठरवता येते. संगणकशास्त्राची पदवी अर्धवट सोडणाऱ्या मुलांपैकी मला भेटलेल्या बहुतेकांना हा विषय काय आहे याची आधी कल्पनाच नव्हती.

फिजिक्स की कॉम्प्युटर सायन्स, असा प्रश्न आपण केला आहे. पण गणितासोबत हे दोन्ही विषय घेता येतात आणि ती जोडी चांगली आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा अभियांत्रिकीकडे मन असेल तर फिजिक्स सोडू नये. गणित, फर्दर मॅथ्स, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स असे चार विषय घेणारी मुलेही असतात, आणि ज्यांना गणित सहज येते त्यांना ते झेपते. परंतु विद्यापीठांचे प्रवेश सामान्यतः तीन विषयांच्या ग्रेडवर ठरतात, त्यामुळे चौथ्या विषयापायी तिन्हींची एकेक ग्रेड घसरणे हा तोट्याचा व्यवहार आहे. चार घेतलेच तर इयर १२ च्या अखेरीस एक सोडण्याची मोकळीक मनात ठेवून घ्यावेत.

परीक्षेची रचना नीट समजून घ्यावी, कारण दोन वर्षांचे नियोजन तिच्यावरच अवलंबून आहे. इंग्लंडमधील बहुतेक शाळा ओसीआर किंवा एक्यूए या दोन परीक्षा मंडळांपैकी एकाचा अभ्यासक्रम शिकवतात. दोन्हींत अडीच तासांचे दोन पेपर असतात, प्रत्येकाला ४० टक्के भार असतो, आणि उरलेले २० टक्के प्रोजेक्टला असतात. ओसीआरचे दोन्ही पेपर कागदावर लिहायचे असतात, म्हणजे अल्गोरिदमही पेनाने लिहावा लागतो. एक्यूएचा पहिला पेपर संगणकावर असतो. त्यासाठी एक आराखडा-प्रोग्राम परीक्षेपूर्वी शाळांना दिला जातो आणि परीक्षेत त्यात बदल करायला, भर घालायला सांगतात. सुधारित रचनेत एएस लेव्हलचे (पहिल्या वर्षाच्या अभ्यासावरील परीक्षेचे) गुण ए लेव्हलमध्ये धरले जात नाहीत, त्यामुळे दोन वर्षांचा सगळा लेखी अभ्यास इयर १३ च्या उन्हाळ्यात एकदमच परीक्षेला येतो. पहिल्या वर्षी शिकलेले फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांक बिटांत साठवण्याची रीत) दुसऱ्या वर्षी मे महिन्यात आठवायचे असते, आणि विसरण्याची सगळ्यांत मोठी किंमत याच ठिकाणी मोजावी लागते.

या विषयात यश कशावर अवलंबून असते, असे मला कोणी विचारले तर माझे उत्तर एकच असते: प्रत्येक पायरीचा हिशेब देता येणे. जीसीएसईपर्यंत हुशार मूल अंदाजाने पुढे जाऊ शकते. प्रोग्राम चालला नाही की एखादे चिन्ह बदलून पाहायचे, पुन्हा चालवायचे, आणि चालला की पुढे जायचे, या सवयीवर ८ किंवा ९ ग्रेडही मिळते. ए लेव्हलच्या लेखी पेपरात संगणक समोर नसतो. तेथे विचारतात की या ओळीनंतर या चलाची किंमत किती, हे फंक्शन किती वेळा बोलावले गेले, हा लूप नेमका कधी थांबतो. अंदाजाची सवय लागलेल्या मुलांना हे प्रश्न सोपे वाटतात आणि त्यांत त्यांचेच गुण जातात.

उदाहरण म्हणून फिबोनाची श्रेणी घेऊ. पहिल्या दोन किंमती ० आणि १, आणि पुढची प्रत्येक किंमत मागच्या दोहोंची बेरीज, ही व्याख्या जशीच्या तशी रिकर्सिव्ह फंक्शन म्हणून लिहिता येते आणि ते चार ओळींचे फंक्शन दिसायला अतिशय देखणे असते. वर्गात मी मुलांना ते चालवू देत नाही. क्रमांक ५ ची किंमत काढताना हे फंक्शन एकूण किती वेळा बोलावले जाईल, हे कागदावर झाड काढून मोजायला सांगते. उत्तर १५ येते. मग क्रमांक २० साठी किती, असे विचारते. पुष्कळ जण ६० म्हणतात, कारण ५ चे चौपट २०. खरे उत्तर २१,८९१ आहे. तीच किंमत साध्या लूपने विसाच्या आतच बेरजा करून मिळते. ज्या मुलीने ते झाड एकदा स्वतःच्या हाताने काढले आहे तिला रिकर्शन, स्टॅक (अर्धवट राहिलेली कामे एकावर एक रचून ठेवण्याची जागा), वेळेची वाढ आणि आधी काढलेली उत्तरे जपून ठेवण्याचा उपाय या चारही गोष्टी एकाच तासात जोडून समजतात, आणि बिग ओ ही वेळेची वाढ मोजण्याची संज्ञा नंतर आली तरी ती परकी वाटत नाही.

ओसीआरच्या अभ्यासक्रमात लिटल मॅन कॉम्प्युटर नावाची एक लहानशी असेंब्ली भाषा, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा एकेक करून लिहिण्याची भाषा, आहे. तिच्यात अवघ्या ११ आज्ञा आहेत आणि गुणाकाराची आज्ञा नाही. सहा गुणिले चार करायचे तर सहा ही संख्या चार वेळा मिळवावी लागते आणि किती वेळा मिळवली याची मोजणी वेगळी ठेवावी लागते. येथे एक आज्ञा अशी आहे की ॲक्युम्युलेटर या चालू उत्तर ठेवणाऱ्या रजिस्टरमधील किंमत शून्य किंवा धन असेल तर ती उडी मारते. हा ‘शून्य किंवा’ वाचताना निसटला की लूप एकदा जास्त फिरतो आणि चोविसाऐवजी तीस उत्तर येते. अशा वेळी प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून पाहण्याने काही कळत नाही. ट्रेस टेबल मांडले, प्रत्येक आज्ञेनंतर ॲक्युम्युलेटर आणि मोजणी यांच्या किंमती लिहिल्या, की चूक कोणत्या ओळीला आहे ते डोळ्यांसमोर येते. मुलांना ट्रेस टेबल कंटाळवाणे वाटते हे मला माहीत आहे. तरीही वर्षभर आठवड्यातून दोन ट्रेस टेबल मांडणारी मुले आणि न मांडणारी मुले यांच्या गुणांतील फरक मला इतका स्पष्ट दिसत आला आहे की या बाबतीत मी सवलत देत नाही.

फ्लोटिंग पॉइंटचेही असेच आहे. आठ बिटांचा मँटिसा (संख्येचे अंक) ०.११०१००० आणि चार बिटांचा घातांक ००११ दिला असेल तर घातांक ३ आहे, बिंदू तीन घरे उजवीकडे सरकतो, ११०.१ मिळते, म्हणजे उत्तर ६.५. इतके बहुतेकांना जमते. अडचण ऋण संख्यांत येते, कारण दोन्ही भाग टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण संख्या बायनरीत लिहिण्याच्या रीतीत) असतात, आणि प्रमाणित रूपात धन संख्या ०१ ने तर ऋण संख्या १० ने सुरू व्हायला हवी, हे लक्षात ठेवून वर बिंदू सरकवण्याची दिशाही सांभाळावी लागते. येथे मी मुलांना आधी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ अधिक ०.२ लिहून पाहायला सांगते. उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. दशांश ०.१ बायनरीत कधीच संपत नाही, म्हणून ती ठरावीक बिटांत कापावी लागते, हे एकदा पटले की फ्लोटिंग पॉइंटचा धडा केवळ परीक्षेची कसरत राहत नाही. बँकेचे सॉफ्टवेअर लिहिणारे लोक पैशांची रक्कम अशा रूपात का ठेवत नाहीत, हा प्रश्न मग मुले आपणहून विचारतात.

भाषा कोणती शिकवतात, याला पालक फार महत्त्व देतात. बहुतेक शाळांत पायथन असते, काहींत सी शार्प, काहींत जावा किंवा व्हीबी डॉट नेट. यातील कोणतीही चालते. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये (माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधण्याच्या पद्धतीत) खाजगी आणि सार्वजनिक गुणधर्म यांतील भेद पायथनमध्ये थोडा धूसर राहतो आणि सी शार्पमध्ये तो कडक असतो, एवढाच फरक मी लक्षात घेईन. जी मुलगी एका भाषेत हिशेब देऊ शकते ती दुसरी भाषा काही आठवड्यांत शिकते.

लेखी पेपरांतील मोठ्या उत्तरांकडे मात्र गणितात हुशार असलेली मुले हमखास दुर्लक्ष करतात. ओसीआरच्या पेपरात ९ किंवा १२ गुणांचे प्रश्न असतात आणि त्यांत दोन्ही बाजू मांडून निष्कर्ष काढावा लागतो. एखाद्या रुग्णालयाने रुग्णांची माहिती क्लाउडवर ठेवावी का, अशा धर्तीचे. कायद्यांची नावे आणि सालेही यावी लागतात: १९९० चा कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट, २०१८ चा डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, १९८८ चा कॉपीराइटविषयक कायदा. साले पाठ करण्यापेक्षा कायदा का आला हे समजून घेतले तर ते टिकते. १९८० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमच्या प्रेस्टेल या संगणकीय माहितीसेवेत दोघांनी परवानगीविना प्रवेश केला आणि प्रिन्स फिलिप यांच्या मेलबॉक्सपर्यंत मजल मारली. पण खोट्या दस्तऐवजांविरुद्धच्या तेव्हाच्या कायद्याखाली ठोठावलेली शिक्षा अपिलात टिकली नाही आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तोच निकाल कायम केला. दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता, म्हणून तो कायदा करावा लागला. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचे इंग्रजी या उत्तरांत कमी पडते असे मला आढळलेले नाही. कमी पडते ती बाजू मांडण्याची सवय. जेवणाच्या टेबलावर अशा विषयावर मराठीत घातलेला वादही या तयारीला उपयोगी पडतो.

आता प्रोजेक्ट. पालकांना वाटते की तो २० टक्क्यांचाच आहे, पण मुलांच्या मनावर आणि वेळेवर त्याचा भार याहून कितीतरी जास्त असतो. विद्यार्थ्याने स्वतः एक प्रश्न निवडायचा, ज्यांच्यासाठी प्रोग्राम करायचा त्या खऱ्या माणसांशी बोलून गरजा लिहायच्या, आराखडा करायचा, टप्प्याटप्प्याने प्रोग्राम लिहायचा, तपासायचा आणि शेवटी तो कितपत जमला याचे मूल्यमापन करायचे. शिक्षक गुण देतात आणि परीक्षा मंडळ नमुने मागवून त्यांची पडताळणी करते. शिक्षकाने त्यात नेमक्या दुरुस्त्या सुचवणे नियमात बसत नाही, आणि पालकांनी सुचवणे तर मुळीच बसत नाही. आपण सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करता, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

गुणांची वाटणी दोन मंडळांत इतकी वेगळी आहे की एकाच प्रोजेक्टकडे दोन्हीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहावे लागते. एक्यूएच्या ७५ गुणांपैकी ४२ गुण प्रत्यक्ष तांत्रिक कामाला आहेत आणि मूल्यमापनाला अवघे ४. ओसीआरच्या ७० गुणांत विश्लेषणाला १०, आराखड्याला १५, विकसनाला २५ आणि मूल्यमापनाला तब्बल २० गुण आहेत. ओसीआरची मुले फेब्रुवारीपर्यंत कोड लिहीत राहतात आणि मूल्यमापन शेवटच्या आठवड्यात घाईघाईने दोन पानांत गुंडाळतात. प्रोजेक्टच्या एकूण गुणांच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग तेथे हातचा जातो. म्हणून शाळेचे मंडळ कोणते हे कळल्यावर त्या वाटणीचा कागद पहिल्या दिवसापासून तिच्या टेबलासमोर असावा.

विषयाची निवड हा प्रोजेक्टमधील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. मोठा त्रिमितीय गेम किंवा एखाद्या प्रसिद्ध ॲपची नक्कल करू पाहणारी मुले चित्रे आणि पडदे सजवण्यात महिने घालवतात आणि परीक्षकाला दाखवण्याजोगा अल्गोरिदम शेवटी त्यात नसतो. नुसती नोंदवही, म्हणजे नावे भरा, शोधा, पुसा, अशा धाटणीचा प्रोग्राम व्यवस्थित चालतो, पण तो फार वर जाऊ शकत नाही. चांगला विषय लहान असतो, खऱ्या माणसाचा असतो, आणि त्याच्या मध्यभागी एक अवघड गाठ असते. असा विषय आपल्या घराजवळही सापडू शकतो. इंग्लंडमधील अनेक गावांत मराठी मंडळे आहेत, लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे, आणि गणेशोत्सवात स्वयंसेवकांच्या पाळ्या लावणे हे प्रत्येक मंडळाच्या चिटणीसांचे डोकेदुखीचे काम असते. कोण कोणत्या दिवशी मोकळे आहे, कोणाकडे गाडी आहे, कोणाला स्वयंपाकघरात काम जमते, लागोपाठ दोन पाळ्या कोणाला देऊ नयेत, प्रत्येक पाळीला किमान किती माणसे हवीत. या अटी पाळून वेळापत्रक बसवायचे तर बॅकट्रॅकिंग (अडले की मागे येऊन दुसरा पर्याय पाहणे) लागते, किंवा माणसे आणि पाळ्या यांचा ग्राफ करून जोड्या लावाव्या लागतात. सर्व अटी एकाच वेळी पाळणे अशक्य असेल तेव्हा कोणती अट आधी सोडायची, हे चिटणीसांना विचारावे लागते. विश्लेषणाचा भाग तेथेच सुरू होतो, आणि मूल्यमापनासाठी बोलायला खरी माणसेही मिळतात. हा विषय तिने घ्यावाच असे मी म्हणत नाही. निवडीची कसोटी कळावी म्हणून तो उलगडून दाखवला.

काम करताना नोंदी रोजच्या रोज ठेवाव्यात. प्रोग्राम कोठे अडला, कोणती चाचणी फसली, त्यावरून कोणता बदल केला, याच्या नोंदी आणि पडद्याची चित्रे त्या-त्या दिवशीच जपून ठेवावीत. ओसीआरमध्ये विकसनाच्या २५ गुणांतील १० गुण अशा चाचण्यांतून काम कसे सुधारले यालाच आहेत. पूर्ण झालेल्या सुबक प्रोग्रामवरून मागे जाऊन चुकांचा इतिहास रचणारी मुले असतात, पण अनुभवी परीक्षकाला तो बनाव दोन पानांत कळतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहिणे भाग आहे. परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेचा, म्हणजे जेसीक्यूचा नियम असा आहे की अशा साधनाने तयार केलेला मजकूर किंवा कोड स्वतःचा म्हणून दिल्यास तो गैरप्रकार ठरतो. आणि त्याचा उल्लेख केला तरी त्या भागाचे गुण विद्यार्थ्याला मिळत नाहीत, कारण ते काम त्याचे नसते. नियमाशिवाय दुसरेही कारण आहे. या साधनाने लिहिलेला कोड चालतो, पण त्याचा हिशेब मुलीच्या डोक्यात नसतो, आणि उरलेले ८० टक्के गुण ज्या परीक्षेला आहेत तिथे हिशेबच मागतात. स्वतः लिहून झाल्यावर एखादी संकल्पना दुसऱ्या शब्दांत समजावून घेण्यासाठी ते साधन वापरायला माझी हरकत नाही. प्रोजेक्टचा कोड उघडा असताना मात्र ते बंद असावे.

पुण्याहून क्लास लावण्याविषयी माझे मत सावध आहे. तेथील शिक्षक प्रोग्रामिंगमध्ये उत्तम असू शकतात, पण या मंडळांच्या मार्क स्कीमशी (गुण देण्याच्या निकषांशी) त्यांचा परिचय नसेल तर मुलगी एक भाषा जास्त शिकेल आणि पेपरात तिला त्याचा फारसा लाभ होणार नाही. पैसे न मोजता मिळणारे चांगले साहित्य पुष्कळ आहे. रास्पबेरी पाय फाउंडेशन आणि केंब्रिज विद्यापीठ यांनी मिळून चालवलेले एडा कॉम्प्युटर सायन्स हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, मंडळानुसार त्यातील धडे निवडता येतात आणि प्रश्नांची उत्तरे लगेच तपासून मिळतात. जुने पेपर आणि मार्क स्कीम मंडळांच्या संकेतस्थळांवर असतात. मार्क स्कीमबरोबर परीक्षकांचा अहवालही वाचावा. मुले कोठे चुकली हे त्यात प्रश्नानुसार दिलेले असते आणि तरीही तो फारच थोडी मुले उघडतात. क्लास लावायचाच असेल तर गणितासाठी लावावा.

एक दिवस तिला घेऊन ब्लेचली पार्कला, दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उकलले गेले त्या ठिकाणी, जाऊन या, असे मी आग्रहाने सुचवते. तेथील नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये कोलोसस या युद्धकाळातील यंत्राची चालती प्रतिकृती आहे. मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये ‘बेबी’ या सुरुवातीच्या संगणकाची प्रतिकृती आहे. मूळ यंत्राने २१ जून १९४८ रोजी स्मृतीत साठवलेला पहिला प्रोग्राम चालवला, आणि त्याची सगळी स्मृती ३२ बिटांच्या ३२ शब्दांची होती. फेच, डीकोड, एक्झिक्यूट (आज्ञा आणणे, तिचा अर्थ लावणे, ती पार पाडणे) हे चक्र पुस्तकात बाणांच्या आकृतीत असते. अशा सुरुवातीच्या यंत्राच्या प्रतिकृतीसमोर उभे राहिल्यावर प्रोग्राम काउंटर (पुढची आज्ञा कोणती हे सांगणारे रजिस्टर) ही खरोखरीची वस्तू आहे हे मुलांच्या मनात ठसते.

ती वर्गात एकटी किंवा दोन-तीन मुलींपैकी एक असण्याची शक्यता मोठी आहे, कारण देशभरात ही ए लेव्हल घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण अजून पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. याचा तिच्या क्षमतेशी काही संबंध नाही. माझ्या वर्गांत सर्वांत काटेकोर ट्रेस टेबल आणि सर्वांत प्रामाणिक मूल्यमापने वारंवार मुलींचीच असतात. पण लहानपणापासून गेम लिहिणारी मुले पहिल्या महिन्यात मोठ्या आवाजात बोलतात, आणि त्यामुळे आपण मागे आहोत असे नव्या मुलीला वाटू शकते. नाताळपर्यंत हा फरक बहुधा मावळतो. तोवर तिने विषय बदलण्याचा विचार करू नये, एवढे आपण पाहावे.

तिचा कल अगदीच हाताने काहीतरी घडवण्याकडे असेल आणि कागदावरील सिद्धांत तिला नकोसा वाटत असेल, तर २०२० पासून सुरू झालेली डिजिटल टी लेव्हल हाही मार्ग आहे. ती तीन ए लेव्हलच्या बरोबरीची असते आणि तिच्यात किमान ३१५ तासांचा कामाचा प्रत्यक्ष अनुभव असतो. मात्र तिच्यासोबत गणिताची ए लेव्हल साधारणपणे घेता येत नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या विद्यापीठांची दारे जवळजवळ बंद होतात. आपल्या मुलीच्या ग्रेड पाहता मी तो मार्ग सुचवणार नाही.

शेवटी शाळेबद्दल. ओपन इव्हनिंगला गेल्यावर संगणकांची खोली किती नवी आहे हे पाहण्यापेक्षा काही प्रश्न विचारावेत. मंडळ कोणते आणि भाषा कोणती. शिकवणाऱ्या शिक्षकांचा मूळ विषय संगणकशास्त्र आहे का आणि ते किती वर्षे येथे आहेत. इयर १२ मध्ये सुरू केलेल्यांपैकी किती मुले इयर १३ पर्यंत टिकतात. प्रोजेक्टचा विषय कधी ठरवतात. या विषयाच्या शिक्षकांची टंचाई खरी आहे, आणि शिक्षक वर्षाच्या मध्यात निघून गेल्यावर मुलांची जी ओढाताण होते ती मी जवळून पाहिली आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोघम आले तर जवळचे दुसरे सिक्स्थ फॉर्म कॉलेजही पाहावे. प्रोजेक्टचा विषय इयर १२ च्या उन्हाळ्यापूर्वी ठरवून घेणारी शाळा चांगली, कारण त्या सुट्टीत वापरणाऱ्यांशी बोलणे आणि विश्लेषण उरकता येते, आणि सप्टेंबरमध्ये यूकासचा (विद्यापीठ-प्रवेशाच्या सामाईक यंत्रणेचा) अर्ज, प्रवेशपरीक्षा आणि प्रोजेक्ट हे तिन्ही एकदम अंगावर येत नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात, जीसीएसई संपल्यावर, तिने नवी भाषा शिकण्याची गरज नाही. बायनरी सर्च, बबल सॉर्ट आणि मर्ज सॉर्ट हे तीन अल्गोरिदम तिने कोठेही न पाहता लिहावेत, प्रत्येकाचे ट्रेस टेबल दहा संख्यांवर मांडावे, आणि क्रमाने लावलेल्या दहा लाख संख्यांच्या यादीत बायनरी सर्चला जास्तीत जास्त २० तुलना का पुरतात हे आपल्याला मराठीत समजावून सांगावे.